ना आपली, ना परकी

मी आयुष्यभर गणित शिकवले. सिद्धतेवाचून विधान मान्य करायचे नाही, ही सवय विद्यार्थ्यांना लावण्याआधी मला माझ्या वडिलांनी लावली होती. आमचे घराणे मूळचे चिपळूणकडचे. वडिलांनी तरुणपणी धम्मदीक्षा घेतली आणि घरातले नवस, अंगारे, उपासतापास एका दिवसात बंद झाले. "पटेल तेच धरायचं, आणि धरलं ते वागून दाखवायचं," एवढेच त्यांचे सांगणे असे. त्यामुळे त्रिशरण आणि पंचशील मला अक्षरओळखीच्याही आधी पाठ होते. पण डोळे मिटून ध्यानाला बसणे मात्र आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हते. देव्हारा पुढच्या दाराने बाहेर काढला, तो ध्यानाच्या नावाने मागच्या दाराने आत येईल, अशी एक शंका मला फार वर्षे होती. हे आरंभीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कोणा भाबड्या मनाने लिहिलेले नाही, एवढे वाचकाने लक्षात ठेवावे. त्यातून काय सिद्ध होते, ते मात्र मी सांगणार नाही. ते मला अजूनही ठाऊक नाही.

नव्वदचे दशक सरत आले होते. आम्ही नायगावला नव्या इमारतीत राहायला आलो होतो. मिठागरांच्या बाजूला खिडकी, माझी शाळा वसईत, मुलगी नववीत. एका रविवारी सकाळी मी आणि माझे पती वसईत पापडीला वाडीतली ताजी भाजी आणायला गेलो. मी केळी विकणाऱ्या बाईपाशी थांबले आणि हे स्कूटर वळवून गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येत होते. तेवढ्यात मासळीसाठी बर्फ नेणारा एक टेम्पो वळणावरून वेगाने आला. हॉर्न वाजला नाही. आघाताचा आवाज मात्र मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. त्यानंतर मी जे पाहिले ते इतकेच : टेम्पोचे दार उघडले, एक तरुण खाली उतरला, रस्त्यावर पडलेल्या माझ्या पतीकडे त्याने पाहिले, आणि पाठ फिरवून तो धावत सुटला. मग गर्दी, कोणीतरी मला दंडाला धरून रिक्षात बसवणे, मांडीवर त्यांचे डोके. दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मी सांगितले, "चालक पळून गेला." पुढे कळले की लोकांनी त्याला पकडून पोलिसांच्या ताब्यात दिले. धाकटे दीर म्हणाले, "पळताना धरला म्हणून बरं, नाहीतर सापडला नसता." मला ते पटले. मी त्याला पळताना पाहिलेच होते.

दुःख आणि द्वेष ही दोन वेगळी ओझी आहेत, हे मला त्या काळात समजले. दुःखाला ओहोटी असते. द्वेषाला ती नसते. टेम्पोच्या धडकेला मी अपघात मानू शकत होते, पण ती फिरलेली पाठ मला क्षमा करता येत नव्हती. एका माणसाने मरणाऱ्या माणसाकडे पाहिले आणि पाठ फिरवली, हे एकच चित्र मनात सतत चाले. शाळेच्या जिन्यावरून कोणी धावत उतरले की माझा तोल जाई. सातवीतल्या एका गरीब मुलीला मी त्यासाठी इतकी फाडून बोलले की ती रडू लागली. रक्तदाब वाढला. छातीत आवळल्यासारखे होई. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बाई, गोळीने आकडा खाली येईल, पण तो वर कशाने जातो ते तुम्हीच बघायला हवं." घरी माझी मुलगी माझ्याशी जपून, मोजके बोलू लागली होती. वडील गेले आणि आईही हळूहळू जात आहे, हे तिला दिसत होते. मलाही दिसत होते. थांबवता येत नव्हते.

आमच्या वस्तीमागे एक लहानसे विहार होते, पत्र्याचे छप्पर आणि समोर एक पिंपळाचे रोप. तिथे रविवारी सकाळी वंदना झाल्यावर एक निवृत्त परिचारिका मैत्री भावनेचे ध्यान घेत. सगळे त्यांना माई म्हणत. पांढरी सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, आणि वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईचा स्पष्ट, काहीसा दरडावणारा आवाज. मी पहिल्यांदा बसले ती मुलीच्या आग्रहाखातर, तिचा हट्ट मोडवेना म्हणून. बसण्यापूर्वी मी माईंना सरळ विचारले, "याने नेमकं काय होतं?" त्या म्हणाल्या, "ते मला माहीत असतं तर मी तुम्हाला इंजेक्शनच दिलं असतं. बसा."

ज्यांना ही साधना परिचित नाही त्यांच्यासाठी तिची रीत थोडक्यात सांगते. मैत्री म्हणजे येथे दोस्ती नव्हे. दुसऱ्याचे भले व्हावे ही निरपेक्ष इच्छा. ती एकदम साऱ्या जगाबद्दल धरता येत नाही, म्हणून क्रम लावलेला असतो. प्रथम स्वतःबद्दल : मी वैरमुक्त असो, मी दुःखमुक्त असो, मी सुखाने स्वतःला सांभाळो. मग एखाद्या प्रिय व्यक्तीबद्दल तीच इच्छा. मग जी आपली नाही आणि परकीही नाही, जिच्याविषयी मनात काहीच नाही, अशा व्यक्तीबद्दल. मग जिच्याशी आपले वैर आहे तिच्याबद्दल. आणि शेवटी, या चौघांमधल्या भिंती पाडून, सगळ्यांबद्दल. पाठ्यक्रम म्हणून मला ही रचना आवडली. सोप्याकडून कठिणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. कोणीतरी उत्तम शिक्षकाने आखलेली. मी तिच्याकडे पाठ्यक्रम म्हणूनच पाहिले, आणि पहिल्याच पायरीनंतर अडखळले.

प्रिय व्यक्ती म्हणून मी अर्थातच माझ्या पतीला निवडले. रोज पहाटे बसत असे, त्यांचा चेहरा समोर आणत असे, आणि म्हणत असे, ते सुखी असोत. चेहरा येई, पाठोपाठ रस्ता येई, आणि मग ती पाठ. डोळे पुसत उठायचे, हाच रोजचा शेवट. काही आठवड्यांनी मी माईंना म्हटले की ही साधना माझ्यासाठी नाही. त्यांनी चौकशी केली, आणि मी कोणाला निवडले आहे हे ऐकून कपाळाला हात लावला.

"अहो ताई, गेलेल्या माणसावर ही भावना करायची नसते. एवढं विचारायचं तरी!"

"का नसते? प्रेम तर त्यांच्यावरच आहे."

"प्रेम आहे म्हणूनच नाही. जो पुढे निघून गेला त्याचं भलं करणं आपल्या हातात नाही. मन तिथे जातं आणि दार बंद बघून परत येतं. मैत्रीला समोर जिवंत माणूस लागतो. तुमच्या घरात एक पोरगी बसली आहे, तिला सोडून कुठे फिरताय?"

"मला वाटलं, ती तर आहेच."

"हो ना, आहेच. म्हणून तर तिच्यावर करा," असे म्हणून त्या हसल्या. "गणिताच्या बाई तुम्ही, आणि पहिल्याच ओळीत किंमत चुकीची घातलीत."

दुसऱ्या दिवसापासून मी मुलीला समोर ठेवले. तिच्या वेण्या, शाईने माखलेले बोट, माझ्याकडे पाहताना तिच्या डोळ्यांत आलेली ती नवी सावधगिरी. ती सुखी असो, असे म्हणताना पहिल्यांदाच मनात काहीतरी हलले. त्या दिवशी मी तिच्या केसांना तेल लावून दिले. ती उठून गेली नाही.

तिसऱ्या पायरीसाठी माईंनी नियम सांगितला : जिला वारंवार पाहता पण जिच्याविषयी काही ठाऊक नाही, अशी व्यक्ती घ्या. त्या सुमारास खटला सुरू झाला होता आणि वसईच्या न्यायालयात साक्षीसाठी मला बोलावणे येऊ लागले होते. कधी दुसरेच काम लांबे, कधी कोणी वकील आजारी असे. माझी पाळी पुढे जाई. बाहेरच्या व्हरांड्यात निरनिराळ्या खटल्यांची माणसे थांबत, आणि तिथे भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला दर वेळी एक प्रौढ कोळीण बसलेली दिसे. काटक बांधा, गळ्यात बारीक क्रूस, हातात रोझरी. ओठ हलत, मणी पुढे सरकत. तिचे कोणते काम होते मला ठाऊक नव्हते, तिचे नाव मी विचारले नव्हते, आणि तिच्याविषयी माझ्या मनात खरोखर काही नव्हते. नियमाला ती तंतोतंत बसत होती. मी तिला निवडले.

ज्याच्याविषयी काही वाटत नाही त्याचे रोज भले चिंतायचे, ही मला वाटले होते त्याहून विलक्षण गोष्ट निघाली. आधी ती बाई म्हणजे एक आकृती होती. पण पहाटे जिला समोर बसवायचे तिला दिवसा नीट पाहिल्याशिवाय भागत नाही. पुढच्या खेपेस मी पाहिले की तिच्या पायाला भेगा आहेत आणि एका टाचेवर चिंधी बांधली आहे. त्यापुढच्या खेपेस मी बाकावर थोडी तिच्या बाजूला सरकले. उन्हाळा होता. तिने पिशवीतून बाटली काढली आणि न विचारता माझ्यापुढे धरली.

"पानी पी, बाय. तोंड सुकलाय तुजा."

मी प्याले. ती म्हणाली, "जमिनीचा काय झगरा हाय तुमचा? भावकी?"

"नाही," मी म्हटले. "तुमचं?"

"माज्या पोराचा हाय," असे म्हणून तिने क्रूसाला हात लावला आणि पुन्हा मणी हलवू लागली. मी अधिक विचारले नाही. तिला बोलायचे नसावे, असे वाटले. त्या दिवसापासून आम्ही दोघी शेजारी बसू लागलो. ती वसईच्या किनाऱ्यावरल्या पाचूबंदरची होती, सुकी मासळी विकत असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर तिची शेरेबाजी चाले. काळा कोट उडवत लगबगीने जाणाऱ्या एका वकिलाकडे पाहून ती म्हणाली, "बघ, बघ, कावल्याला पापलेट गावला." कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने हसले. हसू ऐकून माझी मीच दचकले.

पुढच्या तारखेला दीर माझ्यासोबत होते. ते चहा घेऊन आले, बाकाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पालटला. त्याच वेळी व्हरांड्याच्या टोकाकडून पंचविशीतला एक तरुण आला, खाली मान घालून त्या बाईला म्हणाला, "आये, वकील बोलावतात." दीर मला म्हणाले, "वहिनी, उठा तिथून. कोणाशेजारी बसलाय कळतंय का? हाच तो. ही त्याची आई."

मी उठले नाही. उठण्याचे भान नव्हते. त्या तरुणाचा चेहरा माझ्या आठवणीत नव्हताच, होती ती फक्त पाठ. त्या बाईने माझ्याकडे पाहिले, कपाळाकडे, गळ्याकडे, आणि तिला सगळे उमगले. तिचा हात मण्यांवर थांबला.

"तू ती?" ती म्हणाली. मग फार हळू आवाजात, "माजा पोर पळाला नाय, बाय. रिक्षा आनायला धावला. लोकांनी पळाला म्हनून मारला त्याला."

"सगळ्यांच्या आया हेच सांगतात," दीर म्हणाले. "आमच्या वहिनींनी डोळ्यांनी पाहिलंय."

"तेच तं. वकील बोल्ला, बायकोनेच सांगितलाय तं कोन ऐकनार." ती उठली, मुलाच्या खांद्याला धरून आत गेली. त्या दिवशीही माझी साक्ष झाली नाही, आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

घरी आल्यावर मला प्रथम राग आला तो साधनेचाच. जिचे मी इतके दिवस मनापासून सुख चिंतले ती शत्रूची आई निघावी, ही माझी फसवणूक वाटली. आणि आता ते चिंतणे परत घेता येत नव्हते. पहाटे बसले की ती समोर येई, भेगाळलेल्या पायांची, पाणी पुढे करणारी. तिच्याविषयी वाईट काही मनात येत नसे. आणि ती आली की तिचा हात धरून तो येई. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीमधली भिंत मी पाडली नव्हती. ती कोणीतरी उभीच राहू दिली नव्हती.

मी माईंकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "वैऱ्यावर भावना करताना आधार म्हणून त्याच्यातली एक तरी चांगली गोष्ट शोधायची असते. चिखलात गाईच्या खुराएवढं पाणी असलं तरी तहानलेला माणूस ओणवा होऊन पितो ना, तसं."

"त्याच्यात मला काही दिसत नाही, माई. मला त्याची फक्त पाठ दिसते."

"मग पाठच बघा. पण नीट बघा, पूर्ण बघा. अर्धवट बघून उठू नका."

"आणि कोर्टात मी काय सांगू?"

"ते मला विचारू नका. चौथं शील तुम्हाला माझ्यापेक्षा आधीपासून पाठ आहे."

मुसावादा वेरमणी. असत्य बोलण्यापासून मी अलिप्त राहीन. पाठ होतेच, पण सत्य काय, हेच जेव्हा माहीत नसते तेव्हा शील पाळायचे कसे, हा प्रश्न मला वडिलांनी कधी सोडवून दाखवला नव्हता.

त्यानंतरची एक पहाट सांगते. बाहेर मिठागरांवर उजाडत होते, आतल्या खोलीत मुलगी झोपली होती. मी नेहमीच्या क्रमाने बसले आणि चौथ्या पायरीवर आल्यावर प्रथमच त्या चित्राशी झगडले नाही. तो सुखी असो, एवढे म्हटले, कोरडेपणानेच म्हटले, आणि पाठ पाहत राहिले. तो धावतो. नेहमी येथेच माझे मन तापून चित्र तुटत असे. त्या दिवशी ते तुटले नाही, पुढे चालू राहिले. केळीवालीची पाटी उलटली आहे. माझे हात कोणीतरी धरले आहेत. आणि मग पापडी नाक्याकडून एक रिक्षा येते, आणि तिच्या बाहेरच्या बाजूला, दांडीला धरून, एक पाय आत आणि एक अधांतरी, कोणीतरी लटकत येतो आहे आणि हात हलवत, ओरडून रस्ता मोकळा करायला सांगतो आहे. त्या अधांतरी पायात चप्पल नाही. रिक्षा थांबण्याआधीच तो उडी मारतो, आणि माझ्या पतीच्या खांद्याखाली हात घालणाऱ्यांत पहिला हात त्याचा आहे. मग गर्दी त्याला मागे खेचते.

मी डोळे उघडले तेव्हा खिडकीत लख्ख उजाडले होते. आनंद म्हणावा असे काही नव्हते. कोणीतरी छातीवरचा दगड उचलून शेजारी ठेवावा तसे वाटले. दगड तिथेच होता, पण श्वास घेता येत होता.

तरीही मी गणिताची शिक्षिका. मनाला जे हवे ते मन चितारते, हेही मला ठाऊक होते. कदाचित मला त्या बाईला सुखी पाहायचे होते म्हणून मीच हे घडवले असेल. म्हणून शाळा सुटल्यावर मी पापडी नाक्यावरच्या रिक्षा स्टँडवर गेले. चौकशी करता करता, आम्हाला दवाखान्यात नेणाऱ्या जुन्या रिक्षावाल्यापाशी पोहोचले. मी कोण ते सांगितले. काय दिसले ते सांगितले नाही, फक्त विचारले की त्या दिवशी त्यांना कोणी बोलावले.

"तोच टेम्पोवाला," ते म्हणाले. "एक पॅसेंजर बसत होता, त्याला हाताला धरून उतरवला त्यानं. एका पायात चप्पल. रडत होता. मी म्हटलं आत बस, तर बसला नाही, बाहेर लटकला. म्हणे आत जागा ठेवा."

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही, बाई. आणि स्वतःहून कोण जातं? धंदा सोडून चकरा मारायच्या." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुम्ही बोलावलंत तर येईन."

आत जागा ठेवा. घरापर्यंत हे तीनच शब्द मनात होते.

दिरांना मी सगळे सांगितले. ते वाईट मनुष्य नव्हते. मोठ्या भावावर त्यांचे फार प्रेम होते, आणि प्रेमाला दुसरी वाट न सापडल्याने ते खटल्यात शिरले होते.

"म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूनं बोलणार? डोळे मिटून जे दिसलं ते कोर्टात सांगणार? लोक हसतील, वहिनी."

"डोळे मिटून आठवलं. पाहिलं होतं उघड्या डोळ्यांनीच. आणि रिक्षावाल्याला विचारूनही आले."

"तो वेगात होता की नव्हता?"

"होता. तेही सांगणार आहे."

"दादाला काय वाटेल?"

या प्रश्नाने मी क्षणभर हलले. पण मैत्रीला जिवंत माणूस लागतो हे मी शिकले होते, आणि समोर जिवंत माणूस होता. मी म्हटले, "भाऊजी, दादांना आता काही वाटणार नाही. तुम्हाला वाटतंय. मलाही वाटतंय. आपण दोघं त्यांच्या नावावर किती दिवस बोलायचं?" ते चप्पल घालून निघून गेले. साक्षीच्या दिवशी मात्र आले, आणि मागच्या रांगेत बसले.

मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. सरकारी वकिलांनी क्रमाने विचारले. टेम्पो कसा आला? "वेगात. वळण होते, तरी वेग कमी केला नाही, आणि हॉर्न दिला नाही." हे सांगताना मला त्या तरुणाकडे पाहता आले, त्याने मान खाली घातली. नंतर? "चालक खाली उतरला आणि धावत गेला." पळून गेला? मी थांबले. माझ्या उजवीकडे, दारापाशी, ती उभी होती. ओठ हलत नव्हते, मणी थांबले होते. मनात मी कोणाचेही नाव घेतले नाही. सर्व सुखी असोत, इतकेच एकदा म्हटले, आणि मग जे बोलले ते माझ्या वर्गातल्या आवाजात बोलले. "जबाब देताना मला तसे वाटले होते. पण त्यानंतर जे घडले तेही मी पाहिले आहे. तो रिक्षा घेऊन परत आला. माझ्या पतींना उचलणाऱ्यांत तो पहिला होता. लोकांनी त्याला पकडले ते परत आल्यावर, पळताना नाही." न्यायाधीशांनी मला नीट आठवून सांगण्यास सांगितले. मी नीट आठवून पुन्हा तेच सांगितले, वेगासकट. माझ्यावर कोणाचा दबाव आहे का, असेही विचारले गेले. मी म्हटले, नाही.

पुढे त्या रिक्षावाल्याचीही साक्ष झाली. जखमीला टाकून पळाल्याचा आरोप टिकला नाही. बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली. दोन्ही योग्य झाले असे मला वाटते. दिरांनी माझ्याशी काही महिने अबोला धरला, आणि मग एका रविवारी ते विहारात माझ्यामागे येऊन बसले. पण हे सगळे नंतरचे.

त्या दिवशी साक्ष संपवून मी बाहेर आले आणि त्याच बाकावर बसले. थोड्या वेळाने ती आली आणि शेजारी बसली. ती आभार मानील असे मला वाटले होते आणि त्याची मला धास्ती होती. कारण मी तिच्या मुलाला वाचवायला बोलले नव्हते, आणि त्याच्या चुकीबद्दलही तितकेच स्पष्ट बोलले होते. तिने आभार मानले नाहीत. पदराने तोंड पुसले, समोरच्या आवारातल्या गर्दीकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली,

"कसा होता गं तुजा नवरा?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कसे गेले, हे सगळ्यांनी विचारले होते. मी बोलू लागले. ते बेसूर गात, पण न्हाणीघरात नव्हे, पाहुण्यांसमोर. मिठागरांवर पक्षी उतरले की स्कूटर थांबवून बघत बसत आणि मग घरी उशीर का झाला याचे काहीतरी अशक्य कारण सांगत. मुलीला गणित त्यांनी शिकवायचे नाही असा करार होता, कारण ते उत्तर आधी सांगून टाकत. ओले बोंबील त्यांना इतके आवडत की ते दिसले की बाकी बाजार विसरत. सांगताना मी रडत होते आणि हसत होते. रस्ता आला नाही. पाठ आली नाही. पुष्कळ दिवसांनी ते आले, नुसते ते.

"बोंबील?" ती म्हणाली आणि डोळे पुसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग तो तं आमचाच की, बाय."

वडिलांची कसोटी लावून मी हा अनुभव पुष्कळदा तपासला आहे. त्या बाकावर ती बाई नेमकी माझ्याच शेजारी का बसली, माझी साक्ष नेमकी तेवढीच पुढे का जात राहिली, ते दृश्य त्याच पहाटे का उलगडले, याची सिद्धता माझ्यापाशी नाही आणि आता मी ती मागतही नाही. मला एवढेच सांगता येते की मी क्रमाक्रमाने चढायला निघाले होते, आणि एका टप्प्यावर पायरी मी निवडली नाही, ती माझ्या पायाखाली आली. शरण जाणे म्हणजे बुद्धी गहाण टाकणे, असा माझा समज होता. तसे नाही. जे पाहायचे टाळतो ते पूर्ण पाहायला तयार होणे, आणि त्यातून जे निघेल ते आपल्या सोयीचे नसले तरी स्वीकारणे, यापलीकडे मला शरणाचा अर्थ आज ठाऊक नाही. बुद्धाचे, त्या वाटेवर मला हाताला धरून बसवणाऱ्या माईंचे, आणि तहानेच्या वेळी न विचारता पाणी पुढे करणाऱ्या त्या माउलीचे माझ्यावर ऋण आहे. आजही पहाटे बसते. मुलगी येते, दीर येतात, पाचूबंदरची ती येते, तिचा मुलगा येतो. कोणाला कोणत्या पायरीवर बसवायचे, हे मला आता ओळखता येत नाही, आणि ओळखावेसे वाटत नाही.